शेरा

जिल्हा कार्यालयाला अहवाल एकतीस मार्चच्या आत लागतो.
छापील तक्ता. उपक्रम, दिनांक, उपस्थिती, खर्च,
आणि अगदी कडेला दीड बोटाचा रकाना: शेरा.

मी हस्तकलेची बाई.
स्काउटचं पथक माझ्याकडे आलं, कारण आधीचे सर निवृत्त झाले
आणि पत्र्याच्या पेटीची किल्ली कुणाकडे तरी राहायला हवी होती.
पेटीत दोर सहा, तंबू दोन, शिट्टी एक,
आणि एक होकायंत्र, ज्याची उत्तर
आमच्या शाळेत कायम मुतारीकडे असते.

जुलै. वेताळ टेकडी. उपस्थिती बावीस.
मागोव्याचा खेळ होता. झुबेर बागवान पुढे गेला
दगडांवर खडूचे बाण काढत,
बाणांच्या नादात स्वतःच चुकला,
आणि आम्ही एकवीस जण त्याचे बाण तंतोतंत पाळत
खाणीच्या कडेपाशी त्याच्याइतकेच चुकलो.
उतरायचं होतं लॉ कॉलेजकडे.
उतरलो पंचवटीत. बसभाडं माझ्या पर्समधून.
शेरा: उपक्रम यशस्वी.

विसर्जनाला सहाही दोर घाटावर.
गर्दीपुढे ताणून धरलेले, रात्री अकरापर्यंत.
निर्माल्य सतरा पोती, हर्षल ढमढेरेच्या तळहातांवर वळ.
दोराखालून वाकून जाताना एक आजोबा थांबले, म्हणाले,
बाळ, ताण कमी, लक्ष जास्त.
तक्त्यात मार्गदर्शकाचं नाव विचारतात.
मी नाव विचारायचं विसरले.

खरी कमाई. नारायण पेठ. स्कूटर पुसायचे दहा रुपये.
एका काकांनी पावती मागितली,
मग पावतीवर शिक्का,
मग बादलीतलं पाणी कुठल्या नळाचं, ते.
शेवटी पन्नासची नोट काढून म्हणाले,
उरलेल्या चाळिसांत पुढचे चार रविवार या.
मुलं गेली. चारही रविवार.

आणि डिसेंबरचं शिबिर, खडकवासल्याच्या पुढे,
जिथे पहाटे पाण्यावरून येणारा गारठा
थेट कानाच्या पाळीला धरतो.
गाठींची परीक्षा. नागेश धोत्रेने बांबूला दोर घातला,
दोन वेढे, मग पेरावरून एक उलटा,
आणि वर चढून उभा राहिला.
परीक्षक म्हणाले, ही गाठ पुस्तकात नाही.
सर, परांचीची हाये.
माझा बाप सातव्या मजल्यावर हिच्यावरच उभा ऱ्हातो.
त्यांनी शून्य दिलं. नियमच तो.
मग चहाच्या वेळी बाजूला घेऊन
खिशातला रुमाल काढून त्याच्यापुढे धरला: दाखव पुन्हा.
दोनदा चुकले. तिसऱ्यांदा नागेशने
त्यांचा अंगठा हलकेच धरून बाजूला केला.

फेब्रुवारीत बालेवाडीची साइट संपली.
स्कार्फ परत द्यायला त्याची धाकटी बहीण आली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, धुतलेला,
गादीखाली ठेवून घडी बसवलेला.
पुढचं गाव तिला नीट सांगता येईना.
हिंजवडी म्हणाली, मग नाशिक म्हणाली.
स्कार्फ गळ्याशी अडकवायचं कडं, वॉगल, पुडक्यात नव्हतं.
सुतळीचं होतं. माझ्याच तासाला विणलेलं.

आता रात्रीचे साडेदहा. पेटी उघडी, तक्ता पुढ्यात.
दोर सहा होते, पाच भरले.
सहावा शाळेच्या फाटकाशी, झेंड्याच्या बांबूला.
सकाळी शिपाईमामा सोडवायला गेले होते, परत येऊन म्हणाले,
बाई, ही सुटत नाही. कापू?
नको म्हटलं.

स्कार्फ एक, परत जमा.
वॉगल एक.
हरवले लिहिलं तर भरपाई मागतात.
जमा लिहिलं तर खोटं.
दीड बोटाच्या जागेत, बारीक अक्षरात,
मी लिहिते: वापरात.